कांद्याची चाळ आणि गोल पृथ्वी

निफाडकडे आमच्या मामांची कांद्याची चाळ आहे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये तिच्यात भरायचा आणि भावाचा अंदाज घेत घेत पुढं काढायचा, हा दरवर्षीचा क्रम. लहानपणी मी मामांना विचारलं होतं, की चाळ एवढी लांबलचक बांधण्यापेक्षा कांदा सरळ पत्र्यापर्यंत का नाही भरत? मामा म्हणाले, "चार-पाच फुटांच्या वर गेलं की खालचा कांदा दबतो रे. दबला की सडलाच."

ग्रह गोल का असतात असं कुणी विचारलं, की मी हल्ली चाळीपासून सुरुवात करतो. कारण शाळेत मिळणारं उत्तर अर्धंच असतं. गुरुत्वाकर्षण सगळं केंद्राकडे ओढतं म्हणून ग्रह गोल होतो, इथपर्यंत ठीक. पण पृथ्वी ब्रह्मगिरीलाही ओढतेच आहे, आणि तो त्र्यंबकच्या डोक्यावर कडे रोखून उभाच आहे. अंजनेरीही उभा आहे. मग ओढ कमी पडते म्हणायची का? तसं नाही. ओढीला दगड विरोध करतो, आणि त्याची ताकद कुठपर्यंत पुरते यावर सगळा खेळ आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्याचा एक घनमीटर सुमारे २,९०० किलो भरतो. या दगडाचा एक किलोमीटर उंच खांब उभा केला, तर तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २९० किलो भार येतो. चांगला, भेग नसलेला बेसॉल्ट चौरस सेंटिमीटरला साधारण दोन ते तीन हजार किलोंवर फुटतो. म्हणजे खांब सात ते दहा किलोमीटरपर्यंत गेला की तळाचा दगड दबलेल्या कांद्यासारखा होणार. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर, हे इथं आठवल्याशिवाय राहत नाही. डोंगर काही खांबासारखा सरळ नसतो, बुडाशी पसरट असतो, शिवाय दगडात भेगा असतात, त्यामुळे हा आकडा काटेकोर धरू नये. पण पृथ्वीवर पन्नास किलोमीटर उंच शिखर का नाही, ते यावरून कळतं. आपली १,६४६ मीटरची कळसूबाई किंवा १,५६७ मीटरचा साल्हेर यांचा या मर्यादेशी संबंधच येत नाही. ते लाव्हाच्या थरांतून पावसानं कोरलेले डोंगर आहेत.

आता हाच हिशेब मंगळावर न्या. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. दगड साधारण तसाच, पण त्याचं वजन कमी, म्हणून चाळ उंच भरता येईल. एव्हरेस्टच्या उंचीला ०.३८ नं भागलं तर २३ किलोमीटर येतात. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. आकडे इतके जवळ यावेत यात थोडा योगायोगही आहे. चंद्रावर गुरुत्वाकर्षण सहापट कमी, पण तिथं पन्नास किलोमीटरचे डोंगर नाहीत. नियम एवढंच सांगतो, की याच्या वर जाता येणार नाही. तिथपर्यंत जायलाच हवं असं तो म्हणत नाही.

खरी गंमत लहान पिंडांची, म्हणजे उपग्रह-लघुग्रहांसारख्या गोळ्यांची. एकाच मालमसाल्याचा गोळा निम्म्या त्रिज्येचा केला, तर त्याच्या पृष्ठभागावरची ओढ निम्मी होते आणि डोंगराला परवानगी दुप्पट मिळते. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर, डोंगराची मर्यादा दहा. दोन्हींचा गुणाकार ६४,०००, आणि पिंड लहान केला तरी तो तेवढाच राहतो. ज्या पिंडाची त्रिज्या अडीचशे किलोमीटर, तिथं डोंगराची मर्यादाही अडीचशेच्या आसपास येते. म्हणजे डोंगर आणि पिंड एकाच मापाचे! त्याच्या खाली 'डोंगर' हा शब्दच निरर्थक होतो, अख्खा पिंडच एक वेडावाकडा दगड असतो. मंगळाचा उपग्रह फोबोस हा २७ किलोमीटर लांब, २२ रुंद आणि १८ जाड बटाटा आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला सेरेस सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा आहे आणि छान गोल आहे. त्याच पट्ट्यातला ५२५ किलोमीटरचा व्हेस्टा मात्र अगदी उंबरठ्यावर अडकलेला. एका प्रचंड टकरीत त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळचा भाग उडाला आणि तो खड्डा भरून पुन्हा गोल होणं त्याला आजवर जमलेलं नाही. २०११ साली 'डॉन' यान त्याच्याभोवती फिरायला लागलं तेव्हा हे व्यंग जवळून दिसलं.

बर्फ दगडापेक्षा लेचापेचा, म्हणून बर्फाळ पिंड लवकर गोल होतात. शनीचा उपग्रह मिमास फक्त चारशे किलोमीटरचा असूनही गोल आहे. नेपच्यूनचा उपग्रह प्रोटियस त्याहून किंचित मोठा, तरी ओबडधोबड. निसर्गाला आपली गणितं पाठ नसतात.

बरं, दाब सहन झाला नाही तर दगड चुरगळेल, पण गोलच का होईल? इथं गोल या शब्दाऐवजी 'सपाट' हा शब्द घेऊन बघा. गंगापूर धरणाचं पाणी वारा नसताना आरशासारखं सपाट दिसतं. प्रत्यक्षात पाण्याचा प्रत्येक थेंब केंद्राच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन बसलेला असतो, आणि सगळे थेंब केंद्रापासून सारख्या अंतरावर बसले की तयार होतो तो गोलाचाच तुकडा. पाच किलोमीटर लांब पाणी घेतलं, तर दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा मधलं पाणी अर्धा मीटर उंच असतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा असाच पसरला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे आपण सरळ समजतो. पण नाशिकच्या जमिनीला टेकवून एखादी खरोखर सरळ रेषा काढली, तर शंभर किलोमीटरवर ती जमिनीपासून पाऊण किलोमीटर वर गेलेली असेल. लाव्हा त्या रेषेच्या नव्हे, पृथ्वीच्या वळणानं गेला.

आणि पृथ्वी सुरुवातीला बरीचशी वितळलेलीच होती, म्हणून गोल व्हायला तिला त्रास झाला नाही. आजही कवचाखालचा खडक घन असला तरी लाखो वर्षांच्या हिशेबात उन्हातल्या डांबरासारखा सरकतो. याचा पुरावा हिंदुस्थानच्या जमीन-मोजणीतच मिळाला. हिमालयानं गवंड्याचा ओळंबा आपल्याकडे जितका खेचायला हवा, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश तो खेचतो, असं कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट यांनी १८५५ साली गणितानं दाखवलं. इंग्रज खगोलज्ञ जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी खुलासा दिला: डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ आहे, आणि ओंडका पाण्यात तरंगावा तसा डोंगर खालच्या जड खडकात तरंगतो. ओंडका जितका वर दिसतो, त्याहून जास्त तो आत बुडालेला असतो.

पण इतकं सगळं करून पृथ्वी नीट गोल आहे का? नाही.

१६७२ हे साल बागलाणात कुणाला सांगायला नको. त्या वर्षी साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं. त्याच वर्षी ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला होता. त्याचं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडू लागलं. न्यूटननं त्याचा अर्थ लावला: विषुववृत्तावर ओढ कमी आहे. एक तर तिथं स्वतःभोवती फिरण्याचा झटका जास्त, आणि त्या झटक्यानं पृथ्वीचं पोट पुढं आलंय, म्हणून तिथला माणूस केंद्रापासून लांब. फ्रान्समधल्या कॅसिनी या खगोलज्ञांच्या घराण्याचं म्हणणं बरोबर उलट होतं, पृथ्वी ध्रुवांकडे लिंबासारखी निमुळती आहे. वाद मिटवायला १७३५-३६ मध्ये एक तुकडी दक्षिण अमेरिकेत आणि दुसरी उत्तरेला लॅपलंडमध्ये गेली. मोजण्या न्यूटनच्या बाजूनं लागल्या. आज आपल्याला माहीत आहे, की विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा ४३ किलोमीटरनं जास्त आहे. ज्या भागात ती दक्षिणेची तुकडी गेली होती, तिथलं चिंबोराझो शिखर समुद्रसपाटीपासून ६,२६३ मीटरच, पण पृथ्वीच्या या सुटलेल्या पोटावर उभं असल्यामुळे त्याचा माथा केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षाही सुमारे दोन किलोमीटर लांब आहे.

नाशिक वीस अंश उत्तरेला, तेव्हा आपणही तासाला जवळपास १,५७० किलोमीटर वेगानं गरगरतोय. तरी पृथ्वीचा चपटेपणा तीनशेत एक एवढाच, डोळ्याला कळणार नाही असा. डोळ्याला दिसणारा हवा असेल, तर शनी बघावा. तो साडेदहा तासांत एक फेरी पुरी करतो आणि जवळजवळ दहा टक्के चपटा आहे. नेपच्यूनपलीकडचा हाऊमेया हा बटुग्रह तर चार तासांत गिरकी घेतो आणि गोलपणा सोडून अंड्यासारखा लांबलाय.

शनीकडे बघताना सगळ्यांची नजर कड्यांकडेच जाते. गुरूला तसली दिसण्यासारखी कडी नाहीत. दहा तासांच्या आत फिरणारा हा ग्रह छोट्या दुर्बिणीतूनही वरून-खालून दाबल्यासारखा दिसतो. मामांना एकदा दाखवला. बराच वेळ डोळा लावून बघत होते, मग म्हणाले, "हा तर आपल्या लाल कांद्यासारखा आहे."