पट्ट्याने हर्निया बरा होत नाही

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीत आजही सांगतात: जांघेत हर्नियाची गाठ आली की पट्टा बांधा, कुळागरातली (नारळ-पोफळीच्या बागेतली) जड कामं सोडा, जाईल. नाही जात. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतला अवयव बाहेर येणं, आणि ती फट मोठ्या माणसात आपोआप बुजत नाही. पट्टा गाठ नुसती दाबून धरतो.

त्या गाठीत दरवेळी आतडंच असतं, हेही खरं नाही. मूत्राशय असू शकतं, लहान मुलींत अंडाशय, क्वचित अपेंडिक्ससुद्धा. १७३५ साली लंडनमध्ये सर्जन क्लॉडियस एमियँड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियातून टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स काढलं. अपेंडिक्सची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानतात. अशा गाठीत पू असेल तर सर्जन सहसा फटीवर कृत्रिम जाळी बसवत नाहीत, टाक्यांनीच भिंत शिवतात, कारण जाळीला संसर्ग होऊ शकतो. एरवी मोठ्यांत जाळीच बरी, हर्निया परत येण्याची शक्यता तिने घटते.

त्रास न देणारी छोटी गाठ असलेल्या पुरुषाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबता येतं. पण गाठ अचानक कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या लागल्या, तर कृपा करून चोळत बसू नका. ताबडतोब बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की ते काही तासांत सडू लागतं.