अगस्त्याखालचा मेघ

पौषात रात्री दहा-अकराच्या सुमारास काब द रामच्या कोटावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की अगस्त्य ठळक दिसतो. त्याच्या बऱ्याच खाली, हात लांब करून आडव्या धरलेल्या तीन बोटांएवढ्या उंचीवर, मोठा मॅगेलॅनिक मेघ असतो, म्हणजे आपल्या आकाशगंगेभोवतीची एक छोटी दीर्घिका. गोव्यातून तो याहून वर येतच नाही. समुद्रावरची धूसर हवा आणि ट्रॉलरांचे दिवे त्याला गिळून टाकतात, तरी मी दर वर्षी त्या जागी नजर लावतो. आपल्या आकाशगंगेच्या प्रभामंडळात, म्हणजे तिला वेढणाऱ्या काळोख्या गोलाकार पसाऱ्यात, काय दडलंय, हे शोधायला खगोलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हाच मेघ न्याहाळला.

न दिसणारं द्रव्य, म्हणजे कृष्णद्रव्य, असावं, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३मध्येच म्हटलं होतं. १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी दीर्घिकांचं फिरणं मोजलं, आणि ते दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने फारच वेगवान निघालं, तेव्हा ती शंका टाळता येईना. मग साधा तर्क पुढे आला: हे द्रव्य म्हणजे विझलेले तारे, तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेले गोळे), कृष्णविवरं असतील तर? पण काळोखातली काळी वस्तू दिसावी कशी?

उत्तर आइन्स्टाइन यांच्या १९३६च्या छोट्या टिपणात होतं. रूडी मांडल नावाच्या हौशी इंजिनिअरने पाठ धरली म्हणून त्यांनी ते छापलं. एक तारा दुसऱ्याच्या बरोबर पुढे आला तर पुढच्याच्या गुरुत्वाने मागच्याचा प्रकाश वाकून वाढतो; मात्र हे प्रत्यक्ष बघायला मिळण्याची आशा नाही, असंही त्यांनी लिहिलं. पायाच्या काचेच्या पेल्याचं बूड मेणबत्तीपुढे धरून पाहा. ज्योत ताणली जाते, नेम साधला तर तिचं कडंच होतं. आकाशात ते कडं इतकं बारीक असतं की दिसत नाही. तारा हळूहळू उजळतो आणि तसाच मंदावतो, एवढंच कळतं.

बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६मध्ये हिशेब मांडला. सगळं प्रभामंडळ अशाच वस्तूंचं असलं, तरी कोणत्याही क्षणी मेघातल्या दहा लाख ताऱ्यांत एकसुद्धा असा उजळलेला सापडायची खात्री नाही. म्हणजे लाखो तारे रोज मोजायला हवेत. सीसीडी कॅमेरे आणि संगणक आल्यावर ते जमलं. १९९३मध्ये ‘माचो’ आणि ‘इरॉस’ या दोन गटांनी पहिल्या घटना जाहीर केल्या. ‘माचो’च्या ताऱ्याचं तेज सुमारे सातपट वाढलं होतं, आणि तेही लाल-निळ्या दोन्ही रंगांत सारखंच. स्वतःच कमीजास्त उजळणाऱ्या रूपविकारी ताऱ्याला हे सहसा साधत नाही, म्हणून मला हा पुरावा फार सुंदर वाटतो.

पुढे मतभेद झाले. ‘माचो’ने २०००मध्ये १ कोटी १९ लाख ताऱ्यांचा हिशेब देऊन प्रभामंडळाचा सुमारे २० टक्के भाग अशा वस्तूंचा असावा, असं म्हटलं. ‘इरॉस’ने २००७मध्ये ८ टक्क्यांहून कमी सांगितला. त्याआधीच, जानेवारी २००३च्या वणव्यात ऑस्ट्रेलियातल्या माउंट स्ट्रॉम्लोवरची ‘माचो’ची दुर्बीण जळून गेली होती, मुळात ती १८६८ सालची.

निवाडा चिलीतून आला. पोलंडच्या ‘ओगल’ गटाने तिथल्या दुर्बिणीने टिपलेल्या सुमारे आठ कोटी ताऱ्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२४मध्ये निष्कर्ष मांडला. सगळं कृष्णद्रव्य सूर्याच्या दहापट वजनाच्या कृष्णविवरांचं असतं, तर २५८ घटना दिसायला हव्या होत्या. दिसल्या १३, आणि त्याही नेहमीच्या ताऱ्यांनी घडवलेल्या म्हणून समजावता येतात. लघुग्रहाएवढ्या वजनाची आदिम, म्हणजे विश्वाच्या आरंभीच बनलेली, कृष्णविवरं मात्र या जाळ्यातून निसटतात: त्यांचं कडं मागच्या ताऱ्याच्या बिंबाहूनही लहान पडतं आणि तेज जेमतेम हलतं.