वाफारा, व्हेप आणि चुन्याची डबी

‘सिगारेट सोडली, आता नुसती वाफ घेतो,’ असे सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या फुफ्फुसविकाराचा, रुग्ण समाधानाने सांगतो, तेव्हा घोटाळा ‘वाफ’ या शब्दातच असतो. सर्दी झाल्यावर पातेल्यावर वाकून, टॉवेल पांघरून आपण जी वाफ घेतो ते पाणी असते. व्हेपमधून, म्हणजे ई-सिगारेटमधून, निघते ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि निकोटीन यांच्या सूक्ष्म थेंबांचे धुके, आणि आतला द्रव तापवणारी तार जास्त तापली की त्यात फॉर्माल्डिहाइडसारखी दाहक रसायनेही मिसळतात. तंबाखूच्या धुरापेक्षा त्यात विषारी घटक बरेच कमी असतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी असल्यामुळे चोरून मिळणाऱ्या नळीत काय भरले आहे, याची हमी कोणीच देत नाही. शिवाय ज्याच्या श्वासनलिका आधीच सुजून अरुंद झाल्या आहेत, त्याने निकोटीन फुफ्फुसांतूनच का घ्यावे?

तोंडाचा मार्ग आपल्याला जुनाच ठाऊक आहे. तळहातावर तंबाखू घेऊन अंगठ्याने चुना मळणारा माणूस नकळत रसायनशास्त्र वापरत असतो. निकोटीन हा सौम्य आम्लारी पदार्थ आहे. आम्लधर्मी द्रवात त्याच्या रेणूला प्रोटॉन चिकटतो, रेणू विद्युतभारित होतो आणि पेशींच्या स्निग्ध पटलातून त्याला सहज पलीकडे जाता येत नाही. सामू (पीएच; तो जितका कमी, तितका द्रव जास्त आम्लधर्मी) ८च्या आसपास असेल तर सुमारे निम्मे रेणू भारमुक्त असतात, आणि सामू ६ झाला की जेमतेम एक टक्का. चुना सामू वाढवतो, म्हणून निकोटीन गालाच्या आतील त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. सिगारेट सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधी निकोटीन गममध्ये हेच काम कार्बोनेटचे क्षार करतात. तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये मात्र त्यात नसतात.

म्हणूनच ‘गमचा काही उपयोग झाला नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी चहाबद्दल विचारतो. चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत यांनी तोंडातील सामू उतरतो आणि निकोटीन लाळेतच अडकून पडते. नेहमीच्या च्युइंगमसारखा सलग चघळला, तर ते लाळेबरोबर पोटात जाते, त्याचा मोठा भाग यकृतात नष्ट होतो, आणि वाट्याला येतात उचकी व जळजळ. तिखटसर चव येईपर्यंत सावकाश चावावे, मग गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा, चव ओसरली की पुन्हा चावावे, असे अर्धा तास चालते.

‘हर्बल’ सिगारेटची जाहिरात पाहून मला चीड येते. तुळशीचे पान जाळले तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि टार असतातच.

सीओपीडीत फुफ्फुसांनी गमावलेली क्षमता परत येत नाही, पण धूम्रपान पूर्ण थांबले की ती घटण्याचा वेग मंदावतो. त्यासाठी डॉक्टर पुष्कळदा दंडावर निकोटीनची पट्टी लावून दिवसभराची गरज भागवतात आणि अचानक तलफ आली तर गम देतात. तो तोंडात टाकण्यापूर्वीची १५ मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत चहाचा कप बाजूला ठेवावा लागतो.