जेड मागितलं, पण कोणतं?

पुण्यातल्या नर्सरीत 'जेड' मागितलं की बहुतेक वेळा पोर्तुलाकारिया आफ्राची कुंडी हातात येते. लालसर तपकिरी काड्या, नखाएवढी गोल पानं. घरी येऊन इंटरनेटवर 'जेड प्लांट' शोधावं, तर माहिती निघते क्रासुला ओव्हाटाची. तिची पानं मोठी, जाड, तुकतुकीत; उन्हात कडांना लाली धरणारी. दोन्ही झाडं दक्षिण आफ्रिकेकडची, दोन्ही पानांत पाणी साठवतात, पण कुळं वेगळी. पोर्तुलाकारियाची आंबटसर पानं हत्ती आवडीनं खातात, माणसंही खातात. क्रासुला मात्र मांजराच्या पोटात गेली तर उलट्या होऊ शकतात. त्यामुळे 'घरात मांजर आहे, जेड चालेल का?' याचं उत्तर कोणतं जेड हे कळल्याशिवाय देताच येत नाही.

निवडुंगाचा घोळ तर फारच जुना. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा. त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हेच. तो युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. दोघांच्या पूर्वजांनी वेगवेगळ्या खंडांत पाण्याची टंचाई सोसली आणि दोघंही मांसल हिरव्या खोडापर्यंत, काट्यांपर्यंत पोचले. नात्यात नसताना इतकं सारखं दिसणं मला उत्क्रांतीतल्या सगळ्यात विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतं.

ओळखायचं तर काटा जिथून फुटतो ती जागा भिंगातून पाहावी. कॅक्टसला तिथे बारीक लव असलेला फुगीर ठिपका असतो आणि काट्यांचा झुपका त्यातूनच निघतो. त्रिधारीला असा ठिपका नसतो. धारेवर काट्यांच्या जोड्या असतात. खोड नुसतं खरचटलं तरी पांढरा चीक वाहू लागतो. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे घालाच.

रोजच्या नावांत असा घोळ होतो, मग शास्त्रीय नाव तरी कायमचं पक्कं असतं का? तसंही नाही. डीएनएच्या अभ्यासानंतर आपल्या ओळखीचं स्नेक प्लांट सॅन्सेव्हिएरियातून ड्रॅसिनात गेलं. पुणे जिल्ह्यातलं उदाहरण याहून बोलकं आहे. शिवनेरी, पुरंदरच्या कड्यांवर वाढणाऱ्या, जगात फक्त महाराष्ट्रात सापडणाऱ्या शिंदळ माकुडी या मांसल वनस्पतीला वनस्पतीशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1860च्या दशकात फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. पुढे ती कॅरालुमा झाली, मग बौसेरोसिया, आणि आता सेरोपेजिया फ्रेरेई.

नावं बदलली की बागप्रेमी वैतागतात, ते साहजिकच आहे. पण प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि जुनं नाव पर्यायी नाव म्हणून नव्याला जोडलेलं असतं. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या ठिकाणी वाळवून जपलेले जुने नमुने याच धाग्यानं आजच्या झाडांशी जुळवता येतात. शिंदळ माकुडीसारख्या दुर्मीळ झाडाच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे: चार नावांखाली विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्याशिवाय ती पूर्वी कुठे होती आणि आता कुठे उरली आहे, हे सांगता येणार नाही.