कोकणातील खाड्या : हवामानबदल आणि मासे

नदी समुद्राला मिळण्यापूर्वी तिच्या पात्रात जिथवर भरतीचे पाणी चढते, त्या मचूळ पाण्याच्या पट्ट्याला कोकणात खाडी म्हणतात. शास्त्रीय लेखनात नदीमुख हा शब्द आढळतो. मोठी नदी नसलेला समुद्राचा फाटाही मराठीत खाडीच ठरतो, ठाण्याची खाडी हे त्याचे उदाहरण. मात्र येथे विचार आहे तो नद्यांच्या खाड्यांचा. उल्हासची वसई, कुंडलिकेची रेवदंडा, सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, वाघोटणची विजयदुर्ग, पुढे तेरेखोल आणि गोव्यातील मांडवी व झुआरी या त्यांतील प्रमुख.

या खाड्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या वार्षिक चक्रात आहे. सह्याद्री किनाऱ्याला लागून असल्याने नद्या आखूड व उताराच्या आहेत आणि वर्षाच्या पावसापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडापर्यंत पाणी जवळजवळ गोडे होते. खारे पाणी जड असल्याने तळाशी पाचरीसारखे राहते. ऑक्टोबरपासून नदीचा जोर ओसरतो आणि मीठ हळूहळू वर सरकू लागते, ते थेट मे अखेरपर्यंत. मांडवी-झुआरीत भरतीची लाट सुमारे 50 किलोमीटर आत जाते. जगातील अनेक नदीमुखांत गोड्या-खाऱ्या पाण्याचा काही एक तोल साधलेला असतो. कोकणातील खाडीत तो कधीच साधत नाही, ती सतत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असते. म्हणून हवामानबदलाचा येथील परिणाम केवळ ‘पाणी किती अंशांनी तापले’ या प्रश्नाने कळत नाही. मासे खाडीतील मिठाकडे पाहून आपले वेळापत्रक ठरवतात, आणि ते वेळापत्रकच विस्कटू लागले आहे.

जिताडा हे याचे उत्तम उदाहरण. गोव्यात त्याला चणक म्हणतात. तो वाढतो गोड्या व मचूळ पाण्यात, पण अंड्यांसाठी त्याला खाडीच्या तोंडाजवळचे खारे पाणी लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीस मासे खाली उतरतात, आणि पिल्ले उधाणाच्या भरतीबरोबर कांदळवनात, खाचरांत व डबक्यांत शिरतात. रायगडच्या खारेपाटात, म्हणजे अलिबाग-पेणच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, हीच पिल्ले घराजवळच्या तळ्यांत सोडून जिताडा पोसण्याची जुनी रीत आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे एखाद्या वर्षीची पिल्ले वाया गेली तर तिचा फटका पुष्कळ पुढे, माद्यांच्या संख्येत दिसतो.

शेवटा किंवा बोय (गोव्याचा राज्यमासा) समुद्रात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले खाडीत येतात. कोळंबीच्या कित्येक जातींचेही तसेच. पावसाळी पूर आला की वाढलेली कोळंबी समुद्राकडे निघते. चिंबोरीची मादी अंडी सोडण्यासाठी खाडीबाहेर जाते. काळुंदर मात्र खाडी सोडत नाही. नर-मादी दोघे मिळून अंडी-पिल्ले राखतात, पण त्यासाठी बऱ्यापैकी निवळ पाणी लागते.

आता पावसाचे पाहू. 2023 मध्ये मान्सून मुंबईत 25 जूनला पोहोचला, 2025 मध्ये 26 मे रोजी. दोन वर्षांच्या अंतराने जवळजवळ महिन्याचा फरक. एकेका वर्षाच्या आगमनावरून हवामानबदल सिद्ध होत नाही हे खरे, आणि आगमनाची तारीख पूर्वीही मागेपुढे होतच असे. परंतु पावसाची जात बदलल्याचे पुरावे भक्कम आहेत : 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींतील देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. थोडक्या दिवसांत पुष्कळ पाऊस आणि मध्ये लांब उघडीप, हे खाडीला सोसत नाही.

पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर जाणारे ‘चढणीचे मासे’ ओढ्यांत आणि भातखाचरांत अंडी घालतात. सलग दोन-तीन आठवडे पाऊस दडी मारून बसला तर खाचरे आटतात आणि अंडी तेथेच सुकतात. उलट, एकदम लोंढा आला की तळाला चिकटून राहणाऱ्या तिसऱ्या, कालवे यांना पळता येत नाही. शिंपले मिटून ती काही दिवस गोडे पाणी सोसतात, त्यापुढे मरतात. पुराचा गाळ वरून बसला तर तेवढाही वेळ मिळत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पुरात शहरातले नुकसान मोजले जाते, खाडीच्या तळाचे मोजायला कोणी उतरत नाही.

वादळांचेही वेळापत्रक याच गणितात येते. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 1982–2000 च्या तुलनेत 2001–2019 मध्ये सुमारे निम्म्याने वाढली. 2020 चे निसर्ग 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, 2021 चे तौक्ते मे महिन्याच्या मध्यास किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले. खाडी सर्वांत खारी असते त्या दिवसांतच हा अवेळी गोड्या पाण्याचा मारा होतो.

उन्हाळ्यातला ताण वेगळा. 30 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 7.5 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात साधारण 6.2. म्हणजे उष्णता आणि मीठ दोन्ही प्राणवायू कमी करतात, आणि मे महिन्यात उथळ खाडीत दोन्ही एकदमच वाढतात. वर शहराचे सांडपाणी असेल तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. चिखलावर हवेत श्वास घेणारी निवटी तग धरते, कोळंबी धरत नाही.

समुद्राची पातळी 1901 ते 2018 या काळात जगभरात सरासरी 20 सेंटिमीटरने चढली. 2006 ते 2018 मधला वेग वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटर होता. पातळी वाढली की कांदळवन जमिनीकडे सरकते, पण येथे त्याच्या पाठीशी बांध, रस्ता किंवा वस्ती असते. गोव्यातील खाजण व रायगडातील खारजमीन, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, अशाच बांधांवर उभी आहे. बांधातील झडप, गोव्यात मानस आणि रायगडात उघाडी, भरतीला मिटते व ओहोटीला उघडते. ओहोटीची पातळी वर राहू लागली की झडप कमी वेळ उघडी राहते आणि पावसाचे पाणी शेतात तुंबते.

सगळा दोष हवामानाच्या माथी मारणे मात्र सोयीचे आहे, बरोबर नाही. कोयनेची वीज तयार झाल्यावर धरणाचे पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा घातली. परिणामी दाभोळच्या खाडीला भर उन्हाळ्यातही गोडे पाणी मिळते. भिरा येथील वीजगृहामुळे कुंडलिकेचेही तसेच आहे. या दोन खाड्यांचे मिठाचे चक्र माणसाने हवामानाच्या कितीतरी आधी बदलले. वाळूउपसा, कारखान्यांचे पाणी, बारीक आसाची जाळी हेही धरावे लागते, आणि दाभोळचा अनुभव जसाच्या तसा तेरेखोलला लावता येत नाही.

खारेपाटात उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत भाताच्या जागी तिवर, म्हणजे कांदळवनातले झाड, उगवतो. मग त्या शेतात निवट्या आणि चिंबोऱ्या येतात, बोयीची पिल्ले वाढतात. 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने कांदळवन तोडण्यास राज्यभर मनाई आहे, खाजगी जमिनीवरही. त्यामुळे सातबारा शेतकऱ्याच्या नावावर असतो आणि जमिनीत पीक माशांचे असते.