कॅफीन पाण्यानं धुऊन निघत नाही

“कॉफी जास्त झाली? मग भरपूर पाणी पी, लघवीवाटे सगळं निघून जाईल.” हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की तो आकड्यांवर घासून पाहावा, असं सहसा कुणाला वाटत नाही. आपण घासून पाहू.

समजा, ६० किलो वजनाच्या व्यक्तीनं २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलं. २४० मिलीलिटरचे दोन कप गाळलेली कॉफी प्यायली की जवळपास एवढं पोटात जातं. कॅफीन पाण्यात विरघळतं आणि पेशींच्या स्निग्ध आवरणातूनही सहज पार होतं. त्यामुळे ते नुसत्या रक्तात थांबत नाही, शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पाण्यात पसरतं. या व्यक्तीच्या बाबतीत ते साधारण ३६ लिटरमध्ये वाटलं जाईल. भागाकार केला तर लिटरमागे साडेपाच मिलिग्रॅम. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं तेव्हा कॅफीनही गाळलं जातं खरं. पण पुढे नलिकांमधून पाणी परत शोषलं जात असताना कॅफीनही आवरणं ओलांडून रक्तात परततं. शेवटी लघवीतलं त्याचं प्रमाण जवळपास रक्ताएवढंच उरतं. म्हणजे नेटानं पाणी पिऊन एक लिटर जास्तीची लघवी झाली, तरी बाहेर पडणार फार तर साडेपाच मिलिग्रॅम. बाकीचे जवळपास १९५ जिथल्या तिथे. प्रौढ माणसाच्या शरीरातून घेतलेल्या कॅफीनचा तीन टक्क्यांहूनही कमी भाग मूळ रूपात लघवीवाटे जातो. तहान लागली असेल तर पाणी जरूर प्यावं, पण घाईघाईनं चार-पाच लिटर पिऊ नये. त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

मग कॅफीन जातं कुठे? यकृतात. आणि तिथे त्याचं जे होतं ती जीवरसायनशास्त्रातली फार देखणी गोष्ट आहे.

कॅफीनचा रेणू म्हणजे दोन कड्यांचा झॅन्थीनचा सांगाडा. त्यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या जागेवरच्या नायट्रोजनला एकेक मिथिल गट चिकटलेला असतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन. रेणू आवरणांतून सहज निसटतो तो या तीन गटांमुळेच. ते काढले की उरणारा पदार्थ जास्त ‘पाणीप्रेमी’ होतो आणि मूत्रपिंडाला तो बाहेर टाकता येतो. हे गट छाटण्याचं काम मुख्यतः एकच विकर (एन्झाइम) करतं, त्याचं नाव सीवायपी-१ए२. यकृतपेशींच्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पापुद्र्यांच्या जाळ्यात, ते बसलेलं असतं. त्याच्या गाभ्यात हिमोग्लोबिनसारखाच हीमचा गट आणि मधोमध लोहाचा अणू असतो. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला नुसतं वाहून नेतं. हे विकर त्याचे दोन तुकडे करतं. एक अणू हायड्रोजन घेऊन पाणी होतो. दुसरा मिथिल गटातल्या कार्बन आणि हायड्रोजनच्या मध्ये घुसवला जातो. लागणारे इलेक्ट्रॉन एनएडीपीएच हा पेशीतला वाहक रेणू पुरवतो. ऑक्सिजन घुसला की मिथिलचा हायड्रॉक्सिमिथिल होतो. नायट्रोजनला लटकलेला हायड्रॉक्सिमिथिल टिकत नाही. तो फॉर्माल्डिहाइड होऊन गळून पडतो. फॉर्माल्डिहाइड हे नाव ऐकून दचकायला नको: शरीर त्याचं लगेच फॉर्मिक आम्ल करतं आणि पुढे कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कॉफीतला तो कार्बन काही तासांत श्वासावाटे बाहेर पडतो!

याच गोष्टीवर यकृताची एक चाचणी बेतलेली आहे. तिसऱ्या जागेवरच्या मिथिलमध्ये साध्या कार्बनऐवजी जड कार्बन-१३ घातलेलं कॅफीन प्यायला देतात आणि नंतर श्वासाचे नमुने घेतात. उच्छ्वासात कार्बन-१३ असलेला कार्बन डायऑक्साइड किती वेगानं वाढतो, त्यावरून यकृत किती काम करतंय ते कळतं. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी घट्ट झालेल्या यकृतात हा वेग मंदावतो.

तिसऱ्या जागेवरचा गट गेला की कॅफीनचं पॅराझॅन्थीन होतं. यकृतात बदलणाऱ्या कॅफीनपैकी सुमारे ८४ टक्के याच वाटेनं जातं. पहिल्या जागेवरचा गट गेला तर थिओब्रोमीन (सुमारे १२ टक्के), सातव्या जागेवरचा गेला तर थिओफायलिन (सुमारे ४ टक्के). पुढे उरलेले मिथिल गट छाटले जातात, कडेला ऑक्सिजन जोडला जातो आणि शेवटी मिथिल युरिक आम्लासारखे पदार्थ लघवीत येतात. यात एक मेख आहे. पॅराझॅन्थीनही मेंदूवर जवळपास कॅफीनएवढंच काम करतं. म्हणजे यकृतानं पहिली कात्री चालवली तरी उत्तेजना लगेच संपत नाही. रक्तातलं कॅफीन निम्मं झालं म्हणून परिणामही निम्मा झाला, हा हिशेब इथेच चुकतो.

मेंदूतला भाग थोडक्यात. जागेपणी पेशी ऊर्जा खर्च करतात तसं ॲडेनोसिन साचत जातं. ते पेशींवरच्या ए-१ आणि ए-२ए या ग्राहींना (रिसेप्टरना) जोडलं गेलं की मेंदूचा वेग उतरतो, झोप येते. कॅफीन त्याच ग्राहींवर जागा अडवून बसतं, पण त्यांना कामाला लावत नाही. साचलेलं ॲडेनोसिन तसंच राहतं, फक्त त्याची हाक पोचत नाही. कॅफीन उतरत गेलं की ते जागा घेतं, म्हणून काही जणांना नंतर गळून गेल्यासारखं होतं. कॅफीन ऊर्जा देतं असं म्हणतात, पण नुसत्या कॅफीनमध्ये वापरण्याजोगी ऊर्जा नसते.

निरोगी प्रौढ व्यक्तीत कॅफीनचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, सरासरी पाच तासांचा. दुपारी चारला घेतलेल्या २०० मिलिग्रॅमपैकी रात्री नऊला १०० आणि अकराला जवळपास ७५ उरतात. पण ही सरासरी फसवी आहे. सीवायपी-१ए२ माणसामाणसांत फार वेगळ्या प्रमाणात असतं, थोडं जनुकांमुळे आणि बरंचसं सवयी व औषधांमुळे. सिगारेट ओढणाऱ्यांत अर्धायुकाल सुमारे तीन तासांवर येतो, कारण धुरातली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं यकृताला हे विकर जास्त बनवायला लावतात. हा परिणाम निकोटिनचा नाही, म्हणून निकोटिनचा पॅच लावून तो टिकत नाही. सिगारेट सोडणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: सोडल्यावर आठवडाभरात विकर खाली येतं, कॉफीचे कप मात्र तेवढेच राहतात आणि रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होतं. चिडचिड, थरथर, उडालेली झोप या सगळ्याचं खापर निकोटिन सुटण्यावर फोडलं जातं, तेव्हा त्यातलं बरंचसं कॅफीनचं असू शकतं. सिगारेट सोडताना कॉफीही निम्म्यावर आणावी.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत अर्धायुकाल साधारण दुप्पट होतो. चारच्या २०० मिलिग्रॅमपैकी अकराला त्यांच्या शरीरात १२० हून जास्त उरतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो आणखी वाढतो. गरोदर स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगितली जाते, इतर निरोगी प्रौढांसाठी ४००. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आणि विशेषतः फ्लुव्हॉक्सामिन हे नैराश्य व मंत्रचळावरचं औषध या विकराला अडवतात. फ्लुव्हॉक्सामिन चालू असताना रोजचा नेहमीचा कप अनेक पटींनी जड होतो. नवजात बाळात तर हे विकर जवळपास नसतंच; तिथे अर्धायुकाल ८० तासांच्याही वर जाऊ शकतो आणि कॅफीन मुख्यतः लघवीवाटेच, मूळ रूपात जातं. पाण्याचा सल्ला ज्या वाटेवर बेतलेला आहे ती मुख्य वाट असते ती फक्त इतक्या लहान बाळांत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास थांबू नये म्हणून कॅफीन सायट्रेट देतात, ते दिवसातून एकदा पुरतं, त्याचं कारणही हेच.

आता कॅफीन जास्त झालंच असेल तर काय करायचं?

पहिल्या अर्ध्या तासात लक्षात आलं आणि पोट रिकामं असलं, तर काहीतरी खावं. कॅफीन जठरातून आतड्यात गेल्यावर भराभर शोषलं जातं. अन्नामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि चढ थोडा सौम्य होतो. शोषलं जाणार सगळंच, फक्त हळू. पाऊण तास उलटून गेला असेल तर खाण्याचा त्या दृष्टीनं फारसा उपयोग नाही, कारण तोवर बहुतेक कॅफीन रक्तात पोचलेलं असतं. उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. धडधड होत असेल तर सावकाश चालावं आणि श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त ठेवावा: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पाच-दहा मिनिटं. यानं कॅफीन कमी होत नाही, हृदयाची गती मात्र खाली यायला मदत होते. जोराचा व्यायाम टाळावा. आधीच वाढलेल्या ठोक्यांवर तो भर घालतो. सिगारेट आणि स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळीही टाळावी. दारू तर नकोच. ती कॅफीन उतरवत नाही, उलट त्याचं विघटन मंद करते; आणि कॅफीन नशेची जाणीव झाकतं, त्यामुळे माणूस जास्त पितो.

चहात असलेलं एल-थिआनिन कॅफीनसोबत घेतल्यावर लक्ष टिकायला मदत होते, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. रक्तातलं कॅफीन ते कमी करत नाही. ब्रोकोलीसारख्या भाज्या रोज खाल्ल्या तर सीवायपी-१ए२ थोडं वाढतं, पण विकर तयार व्हायला दिवस लागतात, आज एक वाटी खाऊन आजची कॉफी उतरत नाही. आणि ‘कॅफीन डिटॉक्स’ म्हणून विकली जाणारी पेयं, लिंबूपाणी, केळी यांपैकी कशानंही यकृताची कात्री वेगानं चालत नाही. डिटॉक्स या शब्दावर पैसे खर्च करण्याआधी कुठला रेणू, कुठल्या विकरानं, किती वेगानं जातो, एवढंच विचारावं. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.

छातीत दुखणं, ठोके चुकणं, सतत उलट्या, गोंधळलेपण किंवा झटके आले तर घरगुती उपाय बंद, थेट रुग्णालय. शुद्ध कॅफीनची पूड इथे सर्वांत घातक. थोड्या वेळात सुमारे १२०० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात आणि ते चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी पुडीत असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते नीट मोजता येत नाही. रुग्णालयात लवकर पोचलं तर सक्रिय कोळसा देतात, हृदयाचा आलेख आणि पोटॅशियम तपासतात, कारण जास्त कॅफीननं पोटॅशियम पेशींत ओढलं जाऊन रक्तात उतरतं. झटक्यांसाठी बेन्झोडायझेपिन, वेगवान ठोक्यांसाठी एस्मोलॉलसारखं बीटा-ब्लॉकर. अगदीच गंभीर स्थितीत डायलिसिस. रेणू लहान, रक्तातल्या प्रथिनांना फारसा न चिकटणारा, त्यामुळे डायलिसिसच्या पडद्यातून तो चांगला निघतो. मूत्रपिंडात गाळलेलं कॅफीन परत आत येतं. डायलिसिसच्या पडद्यापलीकडे सतत ताजं द्रावण वाहत असतं, त्यामुळे ते परत फिरत नाही.

रोजच्या सवयीतून कमी करायचं असेल तर एका दिवसात बंद करू नये. रोज कॅफीन घेणाऱ्याच्या मेंदूत ॲडेनोसिनचे ग्राही वाढलेले असतात. अडवणूक एकदम हटली की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. हे साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत शिगेला पोचतं आणि नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतं. आधी दिवसाचा शेवटचा कप काढावा, मग दर दोन-तीन दिवसांनी एकूण मात्रेचा चौथा हिस्सा कमी करावा. डोकं दुखलंच तर गोळीच्या पाकिटावरचे घटक वाचावेत: डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये कॅफीन असतं.