वैलावरचं पाणी आणि दुपारची वीज

आमच्या आजोळच्या चुलीला वैल, म्हणजे जोडीचं दुसरं तोंड, होता. पुढच्या तोंडावर भाकरी भाजली जायची आणि आत वळलेला जाळ वैलाखालून जायचा, तिथे पाण्याचं भगुलं कायम ठेवलेलं असे. त्या पाण्यासाठी कुणी वेगळं लाकूड घालत नव्हतं. भाकऱ्या उरकल्या की पाणी कढत झालेलं असायचं. ज्याला अंघोळ करायची त्यानं तेव्हाच करायची. दुपारी कढत पाणी मागितलं तर आजी म्हणायची, "तवा कुठं गेलतास?"

वेळेनुसार बदलणारा विजेचा दर हा या वैलाचाच मामला आहे. जाळ कुठेतरी लागलेलाच असतो. तेवढ्या वेळात घेतलंत तर स्वस्त.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरातला गॅस बंद केला. आता इंडक्शन, गीझर, वॉशिंग मशीन, एसी, स्कूटर असं सगळं विजेवर चालतं. नवा मीटर बसल्यावर बिलात वेळेचे रकाने आले. महावितरणच्या २०२५च्या जुलैपासून लागू झालेल्या दरांत, स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत होती. (दर वरचेवर बदलतात, आपल्या बिलावर बघून घ्यावं.) ते वाचून मी भलताच उत्साहात आलो आणि पहिल्याच महिन्यात पैसे घालवून बसलो. ते कसं, ते पुढे सांगतो. आधी हा ९ ते ५चा मुहूर्त कुणी काढला ते पाहू, कारण जुन्या लोकांच्या डोक्यात स्वस्त वीज म्हणजे रात्रीची वीज असंच बसलेलं आहे, आणि त्यांचं चुकलेलंही नाही.

विजेला कोठार नाही. तारांमध्ये ती साठून राहत नाही. ज्या क्षणी तुम्ही मिक्सर लावता त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज जास्त तयार व्हावी लागते. हा तोल बिघडला की ५० हर्ट्‌झची वारंवारता (म्हणजे विजेचे सेकंदाला ५० हेलकावे) हलायला लागते, आणि ती फार हलली तर सगळीकडे अंधार. कोळशाचं किंवा अणुऊर्जेचं केंद्र रात्री बारा वाजता बंद करून पहाटे पाचला सुरू करता येत नाही. बॉयलर पेटता ठेवावाच लागतो. गाव झोपलेलं आणि जाळ चालू, म्हणून रात्रीची वीज स्वस्त.

ब्रिटनमध्ये १९७८ साली या हिशेबावर 'इकॉनॉमी ७' नावाचा दर आला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, बाकीचा दिवस महाग. ज्या घरांत गॅस नव्हता, सगळं विजेवर होतं, तिथे भिंतीला लागून वजनदार पेटारे आले. आत जड, दाट विटा. रात्री त्या तापवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब खोलीत सोडायची. शंभर किलो विटा ५०० अंशांनी तापवल्या तर त्यांत सुमारे साडेबारा युनिट विजेइतकी उष्णता मावते, म्हणजे खासा साठा झाला. लंडन-लीड्सकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरलेल्या आपल्या मुलांना हा पेटारा अजून भेटतो, आणि त्याची तक्रारही ठरलेली असते: सकाळी खोली तापते, माणसं कामावर जातात, संध्याकाळी परत यावं तर विटा थंड. या हीटरांना चालू-बंद करण्याचा इशारा अनेक घरांत चक्क रेडिओवरून येत असे. बीबीसी रेडिओ ४च्या १९८ किलोहर्ट्‌झच्या लाँग वेव्हवर, बातम्यांच्या आणि नाटकांच्या आड दडवलेला एक संकेत, जो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही पण मीटरला कळतो. २०२५च्या जूनअखेरीपासून ही यंत्रणा टप्प्याटप्प्यानं बंद करायला सुरुवात झाली.

आपल्याकडेही रात्रीचा माल खपवावा लागत होताच. उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत होती, त्यामुळे भट्ट्यांचं काम रात्रपाळीत ओढलं जाई. आणि दुसरं गिऱ्हाईक होतं शेतकऱ्याचा पंप. आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाइट, हे वेळापत्रक गावाकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. बॅटरी आणि काठी घेऊन, साप-विंचवाचं आणि अलीकडे बिबट्याचं भय पोटात धरून उसाला पाणी द्यायचं. ब्रिटननं रात्रीची वीज विटांत भरली, आपण ती शेतकऱ्याच्या झोपेत भरली. हे कुठल्या दरपत्रकात लिहिलेलं नव्हतं, इतकंच.

मग सौरऊर्जा आली. २०२५च्या जानेवारीत देशातली सौर क्षमता १०० गिगावॉटच्या वर गेली. महाराष्ट्रात शेतीला दिवसा वीज देण्यासाठी १६,००० मेगावॉट सौरऊर्जेचं उद्दिष्ट ठरलं. भर दुपारी सूर्य ओतत असतो आणि घरं, ऑफिसं तेवढी वीज खात नाहीत. संध्याकाळी सहानंतर नेमकं उलट: सूर्य गेला, दिवे लागले, कुकर लागले, एसी लागले. जुना बारमाही जाळ अजून आहेच, पण आता उतू जाणारी वेळ दुपारची आहे. केंद्र सरकारनं २०२३च्या जूनमध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून दिवसातले आठ तास 'सौर तास' म्हणून स्वस्त ठेवायला सांगितलं, त्यामागचं कारण हेच. वैल तोच, चूल सरकली.

आता माझी फजिती. गीझर २५ लिटरचा. मी विचार केला, दुपारी साडेचारला पाणी तापवून ठेवतो, सकाळी सहाला अंघोळी. २५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ०.८७ युनिट लागतं. पाण्याची उष्माधारकता ठाऊक असेल तर हे गणित पाठ्यपुस्तकातलंच आहे. ०.८७ गुणिले ८० पैसे म्हणजे अंघोळीमागे ७० पैसे वाचले. पण गीझर म्हणजे काही थर्मास नव्हे. त्याच्या स्टार लेबलवर एक आकडा छापलेला असतो, सहसा कुणी बघत नाही: आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम असेल तर २४ तासांत किती युनिट उष्णता गळते. माझ्या गीझरचा आकडा अर्ध्या युनिटच्या आसपास आहे. माझं पाणी तेवढं गरम नसतं आणि वेळ साडेतेरा तासच, म्हणून गळती सुमारे ०.१५ युनिट. ती सकाळी पूर्ण दरानं भरून काढायची. हिशेबाला सोपा म्हणून १० रुपये दर धरला तर दीड रुपया. ७० पैसे वाचवायला दीड रुपया खर्च, निव्वळ तोटा ८० पैसे. सरकारनं दिलेली सवलत नेमकी तेवढीच उलटी मोजून मी परत केली.

या फजितीतून एक साधा नियम हाताला लागला. १० रुपयांचं युनिट ९.२० ला मिळत असेल, तर स्वस्त वेळी साठवून महाग वेळी वापरण्यात फायदा तेव्हाच, जेव्हा साठवणीत ८ टक्क्यांपेक्षा कमी गळती होईल. शंभर भरले तर ब्याण्णवच्या वर परत यायला हवेत. यात बसणारं काय आहे? घरातला इन्व्हर्टर आणि त्याची लेड-ॲसिड बॅटरी भरताना-रिकामी होताना पाव भाग सहज गिळते, म्हणून 'दुपारी चार्ज करू, रात्री पंखे त्यावर चालवू' हा बेत बाद. लिथियमची चांगली बॅटरी, इन्व्हर्टर धरून, ८५ ते ९० परत देते. तीही काठावर नापास, आणि तिची किंमत तर अजून मोजलेलीच नाही. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज करायची. अशा प्रकल्पात चार युनिट घालून तीन परत येतात. ८० पैशांच्या फरकावर तोही तोट्यात जाईल. ब्रिटनच्या विटा चालल्या त्या रात्रीचा दर दिवसाच्या निम्म्याच्या आसपास होता म्हणून. तिथे साठवण थोडी गळकी असली तरी भागतं.

म्हणून आपल्याकडे साठवण्याच्या फंदात पडू नये. जे काम व्हायचंच आहे ते नुसतं सरकवावं. आता कोणतं काम किती पैशांचं आहे ते पाहा. गरम पाण्यानं कपडे धुणारं मशीन एका घाण्याला पाऊण ते एक युनिट घेतं, म्हणजे ६० ते ८० पैसे. थंड पाण्यानं धुतलं तर वीजच इतकी कमी लागते की कधी लावलं याला अर्थ उरत नाही. घरघंटीवर तासभर दळण, तेवढेच पैसे. इस्त्री, तेच. इंडक्शनवर वरणभाताचा कुकर जेमतेम ०.२५ ते ०.३० युनिटचा. त्यासाठी दुपारी चारला कुकर लावून रात्री शिळ्यासारखा भात वाढायचा आणि २०-२५ पैसे वाचवायचे, हा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. (आमच्याकडे एकदा दिला होता. त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.) फ्रिज चोवीस तास चालतो, त्याच्या एक तृतीयांश विजेला सवलत आपोआप लागते, तिथे काही करायचंच नाही. स्कूटरची तीन युनिटची बॅटरी भरायला चार्जरची गळती धरून साडेतीन युनिट लागतात, पावणेतीन रुपये सुटतील, पण दुपारी स्कूटर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते. रविवारी तेवढं जमतं. महिन्याला ४०० युनिट वापरणाऱ्या घरानं मेहनतीनं १०० युनिट दुपारी नेले तर ८० रुपये वाचतात. त्यावरचं १६ टक्के वीजशुल्क धरून ९३.

यापेक्षा मोठा आकडा बिलात दुसरीकडे आहे. पहिल्या १०० युनिटांनंतर दर जवळजवळ दुप्पट होतो, मग ३०० आणि ५००च्या पायऱ्यांवर आणखी चढतो. सगळं विजेवर असलेलं घर या वरच्या पायऱ्यांवरच राहायला असतं. म्हणजे तुमचं शेवटचं युनिट सगळ्यात महाग. १० रुपयांचाच दर धरला तरी एक युनिट न वापरणं हे साडेबारा युनिट दुपारी सरकवण्याइतकं आहे. गीझर दिवसभर चालू ठेवण्याची सवय मोडली, अंघोळीच्या आधी अर्धा तास लावला, काटा ६० वरून ५० वर आणला, की पंधरा दिवसांच्या कपड्यांच्या घाण्यांनी जे होत नाही ते होतं. ज्यांना जमेल त्यांनी हीट पंपाचा गीझर बघावा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि एका युनिटमध्ये सुमारे तीन युनिटची उष्णता देतो. आपल्या हवेत त्याला थंडीशी झगडावंही लागत नाही.

आणि तरीही ९२ टक्क्यांच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारी एक साठवण मला सापडली. ती आमच्या डोक्यावरच होती: गच्चीवरची टाकी. सोसायटीचा ५ हॉर्सपॉवरचा पंप सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ चालायचा, दिवसाला साधारण १६ युनिट. ते पाणी वर चढवायचंच आहे, कधी चढवलं याला गळती नाही. रात्रभर टाकीत राहिलेल्या पाण्याची उंची थंड होत नाही. सोसायटीचा मीटर घरगुती वर्गवारीत आणि वेळेची नोंद ठेवणारा असेल, तर नुसती वेळ बदलून महिन्याला पावणेचारशेच्या वर रुपये सुटतात, आणि कुणाच्या घरात काही बदलत नाही.

कमिटीत हे मांडलं, मंजूरही झालं. वॉचमननं सकाळचा पंप ११ वर नेला. दुसऱ्याच दिवशी पावणेनऊला पाचव्या मजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या. अर्धी अंघोळ झाली आणि पाणी गेलं. संध्याकाळचं पाणी आदल्या रात्रीच संपत आलं होतं, हे कुणी मोजलंच नव्हतं. आता पंप ११ वाजता एकदा आणि पावणेचारला टाकी काठोकाठ भरेपर्यंत, असं ठरलंय. पाच वाजायच्या आत. वॉचमननं मीटरच्या खोलीच्या दारावर खडूनं वेळा लिहून ठेवल्यात, आणि खाली: 'काकूंना विचारणे'.